कुलूप सात दिवस बंद होतं

मी गाव सोडलं त्या दिवशी आबांनी माझी तेवीस किलोची बॅग डोक्यावर घेतली आणि ते ओढ्यात उतरले. भाड्याची गाडी पंचायतीसमोर, कोंडवाड्याच्या भिंतीला लागून उभी होती. सिमेंटचा रस्ता तिथंच संपतो. आमच्या घरून सरळ चाललं तर पाच मिनिटांची वाट. पण माझे वडील बाभळीच्या काट्यांतून, गुडघाभर गाळातून पलीकडच्या पाणंदीला निघाले आणि तिथून हात करून म्हणाले, "गाडी इकडं आण."

ड्रायव्हर चौसाळ्याचा होता. त्यानं आधी आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ताई, म्हातारं बरं हाय ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी जीन्स, हातात पासपोर्ट, जर्मन भाषेची परीक्षा पास झालेली मी, आणि बाप काट्यातून बॅग नेतोय. पाणंदीला पोचल्यावर मी चिडून विचारलं, "कावून असं करता आबा? आजच्या दिवशी तरी."

"आपली माणसं तिथून जात न्हाईत," ते म्हणाले आणि पायातला काटा काढत बसले.

आईनं जवसाच्या चटणीचा डबा दिला, कानाला बांधायला लोकरीची पट्टी दिली. दोघांपैकी कुणी रडलं नाही. मी मात्र चौसाळ्याचा फाटा येईपर्यंत रागानं रडत होते.

जे गावात आहात त्यांना कोंडवाडा काय ते सांगायला नको. पण माझ्यासारखे पुण्याला, औरंगाबादला, कुठं कुठं गेलेले आहेत आणि त्यांच्या पोरांनी तो कधी बघितलेला नाही, म्हणून सांगते. निजामी अंमलात बांधलेला दगडी चौक. चारी बाजूंनी दोन पुरुष उंच भिंत, वर छप्पर नाही, मधे जनावरांना पाणी प्यायचा हौद, एकच लोखंडी दार. कुणाचं जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं की त्यात कोंडायचं, मालकानं दंड भरला की सोडायचं. पुढं ते बंद पडलं. आता आत घाणेरीची झाडं आहेत.

आमची अकरा घरं मेंढरंवाल्यांची. सगळं गाव कोंडवाड्यासमोरून जातं, फक्त आमी ओढ्यातून. बाजाराला, शाळेला, लग्नाच्या वरातीला, मयताला सुद्धा ओढ्यातून. शाळेत पोरं चिडवायची, "मेंढरं कोंडवाड्याला भेत्यात, ही बी भेत्यात." मलाही तसंच वाटायचं. एखादं भूत असेल, जुन्या माणसांची समजूत असेल. पंधरा वर्षांची असताना मी मुद्दाम समोरून चालत गेले, भिंतीला हात लावून. आबांनी जन्मात एकदाच मला मारलं, ते त्या दिवशी. का मारलं ते सांगितलं नाही. मी मनाशी ठरवलं की या अडाणी माणसांतून बाहेर पडायचं. खोटं कशाला बोलू, नर्सिंगला मी सेवेच्या ओढीनं गेले नाही, त्या ओढ्यातून सुटायला गेले.

तर आता मी न्यूरेंबर्गला असते. म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहात नर्स आहे. सकाळची शिफ्ट सहाला सुरू होते, ट्राम वेळेवर येते, रविवारी सगळं शहर चिडीचूप. पहिल्या वर्षी रविवार अंगावर यायचा. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा मी फिरायला जायची. एका तळ्याच्या काठाला एक अजस्र इमारत आहे, अर्धी गोल, अर्धवट राहिलेली. मी तिच्यासमोर उभी राहून फोटो काढला आणि आपल्या गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "इथला किल्ला." तुमीच सगळ्यांनी अंगठे दाखवले. कुणी लिहिलं, "लई भारी किल्ला हाय, आपल्या धारूरच्या किल्ल्याला मागं टाकलं." मलाही बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तोच फोटो मी हेल्गाआजींना दाखवला. हेल्गाआजी आमच्या वसतिगृहातल्या सगळ्यांत कजाग म्हातारी. नव्वदीला आलेल्या, व्हीलचेअरवर असतात, सूप रोज परत पाठवतात. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि चमचा खाली ठेवला. "हा किल्ला नाही," त्या म्हणाल्या. "किल्ला शत्रू बाहेर ठेवायला बांधतात. हे आमच्याच लोकांना आत भरायला बांधलं होतं. पन्नास हजार माणसांनी एका माणसाचं भाषण ऐकावं म्हणून." मग मला म्हणाल्या, "रविवारी मला तिथं घेऊन जा. मी कधीच गेले नाही."

मी त्यांना घेऊन गेले. त्या गोल इमारतीपासून पुढं एक मोठं मैदान आहे आणि त्याला लांबच लांब दगडी पायऱ्या. हुकूमशहाच्या काळात तिथं लाखांनी माणसं जमायची, रांगा करून, झेंडे घेऊन. आता पायऱ्यांच्या फटींतून गवत आलेलं. काही पोरं चाकांच्या फळीवर घसरत होती, एक बाई सफरचंद खात बसली होती. कुठं पुतळा नाही, हार नाही, कमान नाही. एक साधी पाटी, इथं काय झालं, कुणी केलं. मी विचारलं, हे पाडलं का नाही? हेल्गाआजी म्हणाल्या, "पाडलं असतं तर आम्ही म्हणालो असतो, झालंच नाही. सजवलं असतं तर म्हणालो असतो, किती थोर होतं. म्हणून असंच ठेवलंय, पडणार नाही एवढीच काळजी घेऊन."

मग त्यांनी पायऱ्यांकडं बोट केलं. "माझे वडील इथं उभे होते," त्या म्हणाल्या. "माझ्या मोठ्या भावाला खांद्यावर घेऊन. टाळ्या वाजवत होते. ते बेकरी चालवायचे. त्यांच्यासारखा पाव या शहरात कुणी करत नसे. कुणावर कधी हात उगारला नाही. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. हे मी माझ्या मुलीला सुद्धा फार उशिरा सांगितलं." त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तुझ्या गावात असं काही आहे का?"

मी म्हणाले, नाही. आमचं गाव लहान आहे.

खोटं बोलल्याचा पत्ता मला बोलल्याबरोबर लागला होता, पण काय खोटं ते कळत नव्हतं. खोलीवर येऊन मी आबांना फोन लावला. "आबा, कोंडवाड्यात काय झालतं?" ते म्हणाले, "तिकडं थंडी लई हाय का?" पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं, तर आईकडं फोन दिला. तिसऱ्या रविवारी मी म्हणाले, सांगणार नसाल तर मी गावात सगळ्यांना विचारते. तेव्हा बोलले. रानात मेंढरं बसवली होती, मागून त्यांचा आवाज येत होता.

निजामीचं शेवटचं वर्ष होतं. आमची माणसं मेंढरं घेऊन नगरच्या हद्दीत जायची आणि परत यायची. पलीकडं राहून निजामाशी लढणाऱ्यांना निरोप पोचवता, भाकरी पोचवता, असा त्यांच्यावर आळ आला. निजामाच्या बाजूचे हत्यारवाले आले, नऊ जणांना धरलं आणि कोंडवाड्यात घातलं. त्यात माझा पणजोबा बिरा होता, पणजी सखू होती. वर ऊन, खाली दगड, हौदात जनावरांसाठी राहिलेलं पाणी. तीन दिवसांत ते पण संपलं.

"हत्यारवाले दुसऱ्या दिवशी निघून गेलते," आबा म्हणाले. "कुलूप मातर सात दिवस बंद हुतं."

मला कळलं नाही. निघून गेले, तर मग?

"किल्ली पाटलाच्या घरी हुती. कोंडवाड्याची राखण पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडंच. त्या साली चराईवरनं त्याचं अन् आपलं भांडण झालतं. भ्याला असंल, रागात असंल, मला काय म्हाईत. पण किल्ली त्याच्याकडं हुती. अन् गाव रोज त्या दारासमोरनं जात हुतं. आडावर जात हुतं, बाजाराला जात हुतं. आतनं हाका ऐकू येत हुत्या. कुणी थांबलं न्हाई."

आठव्या दिवशी कासम पिंजाऱ्यानं पहारीनं कुलूप फोडलं. आमची लोकर विकत घेणारा माणूस, गादीवाला. तोवर तिघं गेले होते. बिरा, म्हाळू आणि धोंडी. पुढं निजामी संपली, वारं फिरलं आणि मुसलमान म्हणून गाव कासमच्या जिवावर उठलं. तेव्हा सखू पणजीनं त्याला घोंगडी पांघरायला दिली, हातात काठी दिली आणि मेंढरांच्या कळपातून चौसाळ्याला नेऊन सोडला. तो पुन्हा गावात आला नाही. आपल्या गावातून सगळ्यांत आधी परागंदा झालेला तो, आपण सगळे त्याच्या नंतरचे.

पणजी बाहेर आली तेव्हाच तिनं सांगितलं, ज्या वाटंवर कुणी थांबलं नाही, त्या वाटंनं आपण चालायचं नाही. मी आबांना म्हणाले, "मला वाटायचं आपण भितो."

"भ्याव न्हाई गं ते," आबा म्हणाले. "राग हाय."

मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. सत्तर-पंचाहत्तर वर्षं माझी माणसं काट्यातून चालत होती, लोक हसत होते, मी स्वतः हसत होते, आणि तो होता बहिष्कार. अख्ख्या गावावर अकरा घरांनी टाकलेला. एवढा ताठ कणा मी अजून कुठं बघितलेला नाही, ना इकडं ना तिकडं.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण गेल्या वर्षी ग्रुपवर ते चित्र आलं. आपला सरपंच सुदाम, पाटलाचा पणतू, माझ्याच वर्गातला, त्यानं टाकलेलं. कोंडवाड्याच्या भिंती पाडून तिथं हुतात्मा स्मारक. मधे तलवार उपसलेला पुतळा, कमान, रंगीत कारंजं. खाली संगमरवरी पाटी. पहिलं नाव सुदामच्या पणजोबाचं, "गावाचे रक्षणकर्ते". त्याखाली, "नऊ अज्ञात हुतात्मे".

अज्ञात. एक माझा पणजोबा. आणि मेले तीन, नऊ नाही. बाकीच्या सहा जणांतली एक बाई त्यानंतर चाळीस वर्षं जगली, याच गावात, ओढ्यातून ये-जा करत. आणि ज्याच्या घरात किल्ली, तो रक्षणकर्ता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथल्या तिथं वरिष्ठ बाईंना गाठून उर्लाउब मागितली. रजेला इकडं तसं म्हणतात आणि ती सहा महिने आधी मागावी लागते. मी हेल्गाआजींना सांगितलं, त्यांनी वरिष्ठ बाईंशी माझ्यासाठी भांडण केलं, आणि मला तीन आठवडे मिळाले.

ग्रामसभा कोंडवाड्यासमोरच भरली. आबा आले नाहीत. "तू जा," म्हणाले, "तुला बोलायचंय. मला तिथं उभं ऱ्हायचं न्हाई." मी एकटी गेले. आमच्या घरांतली माणसं ओढ्याच्या काठाला, लांब उभी राहिली.

मी जे आबांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. किल्लीचंही. भिंती ठेवा, रंग देऊ नका, पुतळा नको, एक पाटी लावा. तिच्यावर तीन नावं, कासमचं नाव, आणि कुलूप सात दिवस बंद होतं हे लिहा. दुसरं काही नको. पाटलांचं नाव नाही घातलं तरी चालेल, पण गाव समोरून जात होतं हे घाला.

मग कुणीतरी म्हणालं, "दाखला काय हाय?" दुसरा म्हणाला, "पाडून दुकानं काढा बे, कशाला जुनं उकरता." सुदाम उठला. आवाज चढवला नाही त्यानं, हे मान्य करते. "ताई, तू बाहेर ऱ्हातीस. दोन वर्षांतनं एकदा येतीस. गावाची इज्जत कावून घालवतीस? हत्यारवाल्यांनी मारलं, एवढं पुरं न्हाई का? जर्मनीचं जर्मनीत ठेव."

"मतदार यादीत माझं नाव हाय, बघ," मी म्हणाले. "आणि हत्यारवाले एक दिवस हुते, सुदाम. बाकीचे सहा दिवस आपण हुतो."

हात वर झाले. माझ्या बाजूनं अकरा घरं, शाळेतल्या एक बाई, आणि तीन म्हाताऱ्या, ज्यांनी कुणाकडं न बघता हात वर केला. त्यांना माहीत होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बाकी सगळं गाव त्या बाजूला. ठराव मंजूर. टाळ्या वाजल्या.

सभा उठल्यावर सुदाम चहाच्या टपरीवर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "खरं असंल तुझं. मला घरी कुणी बोललं न्हाई कधी. पण मी पाटीवर कसं लिवू? उद्या पोराला तोंड कसं दाखवू?"

मी त्याला हेल्गाआजींचं सांगितलं. "बापानं टाळ्या वाजवल्या हे ती म्हातारी मला मैदानात बसून सांगती. आणि दुसऱ्या दिवशी सूप अळणी हाय म्हणून माझ्या अंगावर वरडती. सांगितलं म्हणून मेली न्हाई ती. तू बी मरायचा न्हाईस." माझ्या चहाचे पैसे त्यानं दिले, मी देऊ दिले.

घरी आबा मेंढरांना पाणी दाखवत होते. मी म्हणाले, हरले. ते म्हणाले, "बरं झालं. त्यांच्या पाटीवर आपलं नाव कशाला पायजे?" मग घरात गेले आणि लाल रंगाचा डबा घेऊन आले. कातरणी झाली की मेंढराच्या पाठीवर खुणेला लावतो तो. डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, "चल. मला लिवता येत न्हाई."

ओढ्यातून पाणंदीला चढताना एक काळा दगड आहे, बैलगाडीएवढा. त्याच्यावर मी बोटं बुडवून लिहिलं. बिरा, म्हाळू, धोंडी कोंडवाड्यात मेले. कुलूप सात दिवस बंद होतं. गाव समोरून जात होतं. कासमनं फोडलं. अकरा घरांतली माणसं भोवती उभी होती. एका म्हाताऱ्या चुलतीनं मला चार वेळा वाचून दाखवायला लावलं आणि शेवटी म्हणाली, "बास. एवढंच हुतं."

मी आबांना म्हणाले, बीडहून पाथरवट बोलवू, कोरून घेऊ. इकडं सगळं पक्कं असतं, पितळेचं, पोलादाचं. आबा नको म्हणाले. "कोरलं की लोक बघायचं सोडत्यात. रंग पावसात उडतो. दर साली लावावा लागंल. लावणाऱ्याला वाचावं लागंल, न्हाई आलं तर कुणाकडनं तरी वाचून घ्यावं लागंल." न्यूरेंबर्गच्या लोकांना एवढं सुचलं नसतं असं मला वाटलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला, स्पष्ट सांगते.

आठ दिवसांनी मी परत निघाले. आता पुतळ्याचा चौथरा झालाय म्हणे, कारंज्याचं काम अडलंय. आणि दगडावर कुणीतरी चुना फासला. आबांनी पुन्हा रंगवलं, शेजारच्या घरातल्या शिकणाऱ्या सुनेकडून लिहून घेतलं. पुन्हा चुना. पुन्हा रंग. गेल्या रविवारी फोनवर मी विचारलं, आता कितव्यांदा? म्हणाले, "चौथ्यांदा. चुन्याला पैसं लागत्यात. रंग घरचाच हाय."

जे फासताय ते पण हे वाचत असाल, म्हणून तुमालाच सांगते. इकडं मला सारखं विचारतात, तुझं घर कुठलं, तुला तिकडची आठवण येते का. आधी मी जवसाची चटणी सांगायची, ओढ्याकाठची बोरं सांगायची, आणि डोळ्यांत पाणी आणायची. आता तसलं काही सांगत नाही. मी म्हणते, मराठवाड्यात एक गाव आहे, तिथं एक दगड आहे, तो कुणीतरी पुसतं आणि माझा बाप पुन्हा रंगवतो. जोवर ते चालू आहे तोवर माझं घर तिथं आहे. येत्या उन्हाळ्यात माझी उर्लाउब मंजूर झाली आहे आणि पाळी माझी आहे. चुना तयार ठेवा.